मावशीच्या दारावरच्या रेघा

मावशी, तू उठली होतीस.

हे आधी लिहून ठेवतो. बारा दिवस झाले, डोक्यात तेवढंच फिरतंय. भुलीतून जागी झालीस, मान वर केलीस, एकदा धडपडून परत आडवी झालीस आणि दुसऱ्या खेपेला चारी पायांवर उभी राहिलीस. दोर माझ्या हातात होता. पाय दारू प्यायल्यासारखे वाकडे पडत होते, खालचा ओठ लोंबत होता, पण उभी होतीस. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ बघितलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "सगळ्यात अवघड होतं ते झालं." आमच्या पागेच्या जमादारानं, गौसभाईनं, सगळ्यांना चहा सांगितला. मीसुद्धा प्यालो, दोन कप.

मग तिसऱ्या दिवशी तू मेलीस कशी?

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी चंदी भिजवली. रोजच्यासारखे चणे घेतले, ओट घेतले, मीठ टाकलं, बादली उचलून तुझ्या दारापर्यंत गेलो. आत कुणी नव्हतं. मी तसाच उभा. गौसभाई आला, माझ्या हातातून बादली घेतली आणि शेजारच्या घोड्याला नेऊन घातली. चौतीस वर्षं या रेसकोर्सवर साईस आहे मी, घोड्यांची निगा राखतो. घोडे मेलेले पाहिलेत. असं कधी झालं नव्हतं.

कागदावर तुझं नाव इंग्रजीत होतं. मला ते धड म्हणता यायचं नाही. तू दीड वर्षाची आलीस तेव्हाच तुझा खालचा ओठ म्हाताऱ्या बाईसारखा लोंबायचा, आणि कुणी तुझ्या खोलीत, बॉक्समध्ये, आलं की असं बघायचीस जसं काही पाहुणा न सांगता आलाय. मी म्हटलं, ही तर मावशी. झालं, सगळ्या पागेत तेच नाव पडलं. गौसभाईसुद्धा म्हणायचा, "तुमारी मौसी आज मूड में नै है मियां." घरी शेवंताला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी म्हणे! माझ्या माहेरची आहे का ती? मग हात हलवत कसे जाता?" आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात एक ज्वारीची भाकरी जास्त यायला लागली. ती तुझी. शेवंता गेली त्याला दोन वर्षं झाली. भाकरी मी स्वतः थापायला लागलो, जाड व्हायची, कडा फाटायच्या. तू वास घेऊन माझ्याकडं बघायचीस आणि मग उपकार केल्यासारखी खायचीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. खोटं कशाला बोलू, दुसरं भांडण नव्हतंच. सकाळी साडेसात वाजता ट्रेनरसाहेबांचा राउंड. त्याआधी प्रत्येक साईस आपला बॉक्स झाडून घेतो. राउंडच्या वेळी बॉक्समध्ये लीद दिसली तर ती साईसाची बेअब्रू. हे कुणी लिहून दिलेलं नाही, पण मी लहान असताना मला शिकवणाऱ्या साईसानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. घोड्याला खरारा कसा करायचा ते नंतर. माझ्या बॉक्समध्ये साहेबांना चौतीस वर्षांत कधी लीद दिसली नाही. आणि तू? मी कोपरा न् कोपरा झाडून, पेंढा सारखा करून, दारात उभा राहिलो की शेपूट वर करायचीस. अगदी साहेबांचे बूट वाजायला लागले की. "अगं बाई, आत्ताच?" मी ओरडायचो. तू कान मागं करायचीस. मी हातानं उचलून टोपलीत टाकायचो. शेजारच्या बॉक्सचा नरसिमलू हसून हसून भिंतीला टेकायचा. साहेब यायचे, बघायचे, "सब ठीक?" विचारायचे. मी म्हणायचो, "सब ठीक साब." ते पुढं जायचे. चौतीस वर्षं रोज सकाळी तेच विचारणं, तेच सांगणं.

तुझ्या पुढच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कपचा निघाला, तेव्हा मला वाटलं संपलं सगळं. पूर्वी अशी घोडी कुठं जायची ते मला माहीत आहे, ते इथं लिहीत नाही. पण आता दिवस बदललेत. बाहेरच्या वस्तू यायला लागल्यात, पूर्वीसारखं परमिटासाठी वर्षानुवर्षं बसावं लागत नाही. डॉक्टरसाहेबांकडं भुलीची परदेशी मशीन आली होती. नळीतून वारा देतात, घोडा निजतो, वारा बंद केला की जागा होतो. तुझा मालकही नव्या दिवसांतलाच. शहराबाहेर कुकटपल्लीकडं पाइपांचा कारखाना, हातात विटेएवढा फोन. तो म्हणाला, ऑपरेशन करा, ही घोडी अजून पळेल.

आदल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला बसवून सांगितलं. ते कधी साईसाला बसवत नाहीत असं कुणी म्हणू नये. मोडक्या खुर्चीवर का होईना, बसवलं.

"मारोतराव, घोड्याला भूल देणं सोपं आहे, उठवणं अवघड. माणूस भुलीतून उठला की पाणी मागतो. घोडा उठला की पळायला बघतो. त्याला वाटतं आपण आडवे पडलोय म्हणजे वाघ आलाच. पाय ताळ्यावर नसतात, आणि तो तिथल्या तिथं पाय मोडून घेतो."

"मग मी दोर धरीन साहेब. ती मला ओळखते."

"धरा. पण उठली म्हणजे सुटलो असं समजू नका. एवढं मोठं धूड टेबलावर आडवं पडून राहतं, अंगाचं वजन अंगालाच बाधतं. आणि पोट. भुलीनंतर घोड्याचं पोट झोपून राहतं. वरून दुखण्याची औषधं, ती आणखी झोपवतात. घोडा वरून बरा दिसतो आणि आत माल साचत जातो. म्हणून तिची प्रत्येक लीद मला बघायचीय. झाडायची नाही. लीद केली की दारावर खडूनं एक रेघ ओढायची आणि लीद तिथंच राहू द्यायची, मी येईपर्यंत."

मी हो म्हणालो. मला राग आला होता, मावशी. आज कबूल करतो. लीद राहू द्यायची म्हणजे? साडेसातला साहेब येणार, मालक त्याच्या दोस्तांना घेऊन ऑपरेशन झालेली घोडी दाखवायला येणार, आणि मारोतीच्या बॉक्समध्ये लीद पडलेली? डॉक्टर चांगला माणूस, पण शिकलेल्यांना पागेतली अब्रू काय कळते, असं मनात म्हणालो.

पहिल्या दिवशी तू दोनदा लीद केलीस. थोडी थोडी, कोरडी, बोरांएवढी. मी झाडून टाकली. रेघ ओढायची राहिली. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा म्हटलं, घोडी दिवसाला आठ-दहा वेळा करते, आणि एकदम आठ रेघा ओढल्या. एका खाली एक, सारख्या. मला वाटलंच नाही की मी काही खोटं करतोय. बॉक्स स्वच्छ आहे, घोडी उभी आहे, रेघा आहेत. सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. तुझ्या कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं.

"आवाज कमी आहे," म्हणाले. "लीद?"

"हौ साब. बरोबर करती."

त्यांनी दाराकडं बघितलं. रेघा मोजल्या. "झाडलीत का?"

"राउंड होता साहेब."

ते चिडले. पण रेघा बघून जरा शांत झाले. म्हणाले, "लीद येतेय म्हणजे आतडं चालतंय. नाहीतर माल मऊ करायला आजच नाकातून तेल आणि पाणी सोडलं असतं. आता झाडू नका."

तिथं मी बोलू शकलो असतो. नाकातून तेल म्हणाले ते माझ्या कानांनी ऐकलं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, रेघा अंदाजानं ओढल्यात. काय झालं असतं? दोन शिव्या. तेवढ्याची लाज वाटली मला. त्या दिवशीही झाडत राहिलो आणि संध्याकाळी आणखी आठ रेघा ओढल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बॉक्स झाडला आणि साहेब आले, गेले, तरी तू शेपूट वर केली नाहीस. बॉक्स कोराच्या कोरा. मी खूश झालो, मावशी. हेसुद्धा लिहून ठेवतो. मी तुझ्या मानेवर थाप मारून म्हणालो, "ऑपरेशननं शहाणी झालीस की." तू भाकरी हुंगलीस आणि तोंड फिरवलंस. एकदोनदा मागं वळून कुशीकडं बघितलंस. मला वाटलं पायाला पट्टी आहे म्हणून रुसलीस.

दुपारी बाराच्या सुमाराला तुला घाम फुटला. मान, छाती, मांड्या, सगळं भिजलं. थरथर सुटली. मी हाक मारली तर कानसुद्धा हलला नाही. नरसिमलू डॉक्टरांना आणायला धावला. ते येईपर्यंत तू खाली बसलीस, आणि मी तुला उठ म्हणत होतो. त्यांनी पोटात सुई घातली. सुईतून हिरवं पाणी आलं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मला कळेना. मी म्हटलं, "काय द्यायचं आता साहेब? तेल द्यायचं?" ते म्हणाले, "आत फाटलंय मारोतराव. आता फक्त दुखणं थांबवता येतं." त्यांनी दुसरी सुई भरली. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. सकाळी मी तुला खरारा केला होता, केस अजून चमकत होते.

नंतर त्यांनी पोट उघडून बघितलं, तेव्हा मी लांब उभा होतो, पण त्यांचा आवाज आला. आंधळं आतडं म्हणतात त्याला, पोत्याएवढं असतं, ते ठासून भरलेलं होतं. वाळलेला माल, दगडासारखा. आणि एका बाजूनं फाटलेलं. ते हात न धुता तसेच तुझ्या दाराशी आले. रेघा बघत उभे राहिले. दोन दिवसांच्या सोळा. "एवढी लीद आली असेल तर हे भरलं कसं?" असं स्वतःशीच इंग्रजीत आणि मग हिंदीत म्हणाले. पुन्हा मोजल्या. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. एवढा जवळ की त्यांच्या हाताचा वास येत होता. आणि मी गप्प.

मालक आला आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं. नवी मशीन, शिकाऊ डॉक्टर, माझ्या घोडीवर प्रयोग केला. वारा जास्त दिला म्हणून ती गेली. या डॉक्टरला काढा. डॉक्टरसाहेब म्हणाले, "माझं काय चुकलं ते मलाही शोधायचंय." एवढंच. तो माणूस तीन रात्री झोपला नसावा, डोळे सांगत होते. मशीन झाकून ठेवली. पुढची दोन ऑपरेशनं रद्द केली.

गौसभाईला मी सांगितलं. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं. "चुप बैठो मियां," म्हणाला. "डागदर पढ़ेला आदमी है, उसकू कहीं बी काम मिलता. तुम इस उमर में किदर जाते? और घोड़ी वापस आती क्या?"

घरी आलो. शेवंताच्या फोटोसमोर बसलो. दोन वर्षं मी त्या फोटोशी एकच भांडण भांडतोय. दवाखान्यात तिला डॉक्टर रोज विचारायचे, दुखतं का? आणि ही पदर सावरून म्हणायची, नाही, बरं आहे. पोटात एवढं दुखणं घेऊन बसली होती आणि मोठ्या माणसाला त्रास नको म्हणून बरं आहे. मी तिला किती बोललो, गेल्यावरसुद्धा. खरं सांगितलं असतंस तर, खरं सांगितलं असतंस तर. त्या दिवशी फोटोसमोर बसलो तर ते भांडण माझ्यावरच उलटलं. तिनं निदान स्वतःच्याच पोटाबद्दल खोटं सांगितलं. मी तुझ्या पोटाबद्दल सांगितलं, मावशी. तुला तर सांगायला जागाच नव्हती. तू फक्त बॉक्स कोरा ठेवू शकत होतीस.

तू गेल्यापासून सहाव्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांकडं गेलो. उभ्याउभ्या सांगितलं. "रेघा खोट्या आहेत साहेब. मी संध्याकाळी एकदम ओढल्या."

ते असे ओरडले की बाहेरचा कंपाउंडर आत आला. "मी तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं! तुम्हाला! दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मी स्वतः येऊन बसलो असतो. तुम्ही होतात म्हणून मी घरी गेलो!"

हे मला लागलं. शिव्या लागल्या नसत्या.

नंतर त्यांनी वही ओढली. "खऱ्या किती होत्या?"

मी आठवायला लागलो. पहिल्या दिवशी दोन, हे नक्की. दुसऱ्या दिवशी? एक? का ती पण पहिल्याच दिवशीची? तुझा कुठला दात कधी पडला ते मी सांगतो. कुठल्या वाऱ्याला तू बुजतेस ते सांगतो. पण मी तुझी लीद न बघता झाडली होती, चौतीस वर्षं झाडतो तशी. "माहीत नाही साहेब," म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी निघताना म्हणाले, "रेघा खऱ्या असत्या तरी ती वाचलीच असती असं नाही. हे पोट फसवतं." ती सवलत मी घेतली नाही. घेणारही नाही.

परवा ट्रेनरसाहेबांच्या ऑफिसात मालकासमोर तेच पुन्हा सांगितलं. मालक हसला. "बुड्ढे को डॉक्टर सिखा के लाया है." आणि ट्रेनरसाहेबसुद्धा माझ्याकडं मायेनं बघून म्हणाले, "मारोती, तू कशाला स्वतःवर घेतोस? तुझा बॉक्स मी रोज बघतो. सगळ्या पागेत तुझाच बॉक्स साफ."

मी गार पडलो. खरं बोललो तर खोटं ठरलं, आणि तेही कौतुकानं. तेव्हा दाराशी उभा असलेला गौसभाई आत आला. मला चुप बैठो म्हणणारा तोच गौसभाई.

"साफ था साब," तो म्हणाला. "वोइच तो बोलरा ये. हम सब ऐसाच करते. आप आने के पैले सब साफ. आप पूछते, सब ठीक? हम बोलते, सब ठीक. आज तलक कोई आपकू बोला क्या, कि ठीक नै है?"

ट्रेनरसाहेबांनी चष्मा काढला, परत लावला. मालकाचा फोन वाजला, तो बोलत बोलत बाहेर गेला आणि आत आलाच नाही. डॉक्टरसाहेबांना कुणी काढलं नाही. मला कुणी रागावलं नाही. मी साहेबांना सांगितलं की मला आता दुसरा घोडा नको. ते म्हणाले, नको घेऊस, पण येत जा.

आज सकाळी गेलो. रद्द झालेल्या दोन ऑपरेशनांपैकी एक काल झालं, नरसिमलूच्या घोड्याचं. तोही उठला. साडेसातला दहा मिनिटं होती. घोड्यानं लीद केली आणि नरसिमलू सवयीनं झाडू घेऊन आत शिरला.

"राहू दे," मी म्हटलं.

"चच्चा, राउंड का टाइम हो गया. साब आरे."

"हौ. त्यांनाच बघायचीय."

तो झाडू घेऊन दारात अवघडून उभा राहिला, मी त्याच्या बाजूला. आतली लीद आम्हा दोघांच्या अंगावर पडल्यासारखं वाटत होतं. ट्रेनरसाहेब आले, डॉक्टरसाहेब आले. डॉक्टर वाकले, काडीनं फोडून बघितली, म्हणाले, ओली आहे, चांगली आहे. खिशातून खडू काढून त्यांनी माझ्यापुढं धरला.

मी घेतला नाही, मावशी. नरसिमलूनं घेतला आणि त्यानं रेघ ओढली. एकच.